शेजारचं पडीक घर घ्यायचंय, पण मालक सापडत नाही

सड्यावरचा_कंडक्टर

नमस्कार मंडळी. गाव राजापूर तालुक्यात. एसटीतून निवृत्त झालो आणि बायकोला घेऊन गावी येऊन राहिलो. आमच्या परसाला लागून एक चिरेबंदी घर आहे, म्हणजे होतं. कौलं गेली, वासे वाळवीनं खाल्ले, माजघरात फणस उगवून चांगला मनगटाएवढा झालाय. गेल्या पावसात पडवीची भिंत आमच्या विहिरीच्या वाटेवर येऊन पडली. चिऱ्यांच्या ढिगात फुरशी निघतात, त्यामुळे बायको संध्याकाळी पाण्याला जात नाही.

सातबारा काढला. त्यावर तीन नावं. पहिलं माझ्या आजोबांच्या बरोबरीच्या माणसाचं, पुढे 'ए.कु.मॅ.'. दुसरा मयत, हे अख्ख्या वाडीला ठाऊक, फक्त सातबाऱ्याला नाही. तिसरा गिरणीत होता, लालबागला खोली होती. संपानंतर खोली विकून विरारकडे गेला म्हणतात. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा भलत्याच चौथ्याच्या नावावर, घरपट्टी कैक वर्षं थकलेली.

वाडीत सल्ले दोन. एक म्हणतो, "घरपट्टी तू भरत राहा, बारा वर्षांनी घर तुझं." दुसरा एजंट आहे. तो म्हणतो, "एक पुतण्या माझ्या ओळखीचा आहे, त्याची सही घेतो, हक्कसोड करून टाकू." मला फुकट नको. रास्त भाव द्यायची तयारी आहे, शेतकरी दाखला आहे. पण द्यायचे कुणाला?

वकीलकाकू

कंडक्टरसाहेब, आधी दोन्ही सल्ले बाजूला ठेवा.

बारा वर्षांची गोष्ट प्रत्येक वाडीत कोणीतरी सांगतोच. मुदतीच्या कायद्यात, 1963 च्या, ती मुदत आहे हे खरं. पण त्यासाठी मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे, सलग बारा वर्षं ताबा लागतो, आणि तो कोर्टात पुराव्यानं शाबीत करावा लागतो. दुसऱ्याची घरपट्टी भरली म्हणजे ताबा होत नाही. शिवाय तुम्ही मालक शोधताय, विकत मागताय. म्हणजे मालक तोच हे तुम्ही स्वतःच कबूल केलंत! मग विरुद्ध ताबा राहिला कुठे?

एजंटाचं तर त्याहून वाईट. हक्कसोड होतं ते सहहिस्सेदाराच्या नावे. तुम्ही परके, तुम्हाला खरेदीखतच करावं लागेल, आणि ते सगळ्या वारसांच्या सहीनं. एकट्या पुतण्यानं विकला तर फार तर त्याचा हिस्सा विकला जाईल. राहत्या घराच्या बाबतीत परक्या खरेदीदाराला बाकीच्यांबरोबर सामाईक ताबाही मागता येत नाही. पैसे द्याल आणि वाटपाचा दावा लढत बसाल.

मुलींना विसरू नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला बाप हयात असायलाच हवा असं नाही. लग्न होऊन गेल्या म्हणून कोकणात त्यांची नावं सर्रास गाळलेली असतात आणि खरेदीनंतर नोटीस नेमकी त्यांचीच येते.

सोपा मार्ग असा की वारसांनी आधी वारसनोंद करून घ्यायची, मग आपापसांत एकाच्या नावे हक्कसोड करायचं आणि त्या एकानं तुम्हाला विकायचं. कोणी दुबईबिबईला असेल तर वकिलातीत मुखत्यारपत्र करून पाठवेल. ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्या. आणि एखादा भाऊ घर सोडून गेला आणि सात वर्षांत कोणाला त्याची खबरच नाही, असं निघालं तर तो मयत धरावा म्हणून घरच्यांनाच दिवाणी कोर्टात जावं लागेल.

जाहीर नोटीस वर्तमानपत्रात द्याच. पण नोटीस दिली म्हणजे सही मिळाली असं नव्हे.

माजी_तलाठी

सातबाऱ्यावर नावाजवळ कंसात आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे नावबदलाच्या नोंदीचा नंबर. तो जुना फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, त्याचं एकट्याचं काही नाही. त्याच्या मागचे भाऊ कोण, बहिणी कोण, हे बऱ्याचदा त्या फेरफारात सापडतं. मयतांची नावं काढून वारस लावायला 2025 मध्ये जिवंत सातबारा मोहीम निघाली होती. तुमच्या गावात वारसांनी अर्ज दिला होता का, हे तलाठ्याला विचारा. असेसमेंटवरच्या चौथ्याकडून मालकी ठरत नाही, पण तो कोण हे मात्र शोधा. बहुतेक जावई निघेल.

डोंबिवलीची_माहेरवाशीण

मी पलीकडच्या बाजूची. देवगडजवळ आमचंही असंच घर आहे, सातबाऱ्यावर आजोबा. आम्ही काही हरवलेलो नाही हो. गावातल्या एकानं मध्यस्थाकरवी निरोप धाडला, "तुमच्या वाट्याचे एवढे, सही करा." माझ्या दोन्ही आत्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. आम्ही फोन घेणंच बंद केलं.

काका, तुमच्या गावाचं मुंबई मंडळ असेल ना? त्यांची वर्गणीची वही बघा. भावकीतल्या म्हाताऱ्यांना विचारा की त्या घरातलं शेवटचं सुतक कधी पाळलं आणि निरोप कुठून आला होता. माणसं गाव सोडतात, पण मयताचा निरोप भावकीला देतातच. शिमग्याला पालखी त्या घराच्या जोत्यावर अजून थांबत असेल तर नारळ कोण देतो, तेही बघा.

पत्ता लागला की पहिल्याच बोलण्यात भाव काढू नका. पडलेल्या भिंतीचे फोटो पाठवा. आमच्या बाबांनी इतकी वर्षं घर बघितलेलंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून सारवलेलं अंगणच आहे.

सड्यावरचा_कंडक्टर

काकू, तलाठीसाहेब, ताई, आभारी आहे. मंडळाचे एक माजी चिटणीस परळला आहेत, त्यांना आजच फोन लावतो. सुतकाचं ध्यानातच आलं नव्हतं. पण या सगळ्याला वेळ लागणार. तोवर भिंतीचं काय करू? उरलेली पाडून टाकू का?

वकीलकाकू

तुमच्या वाटेवर पडलेले चिरे बाजूला रचा, विकू नका, वापरू नका. आधी फोटो काढा. उभ्या भिंतीला हात लावू नका. धोकादायक आहे म्हणून ग्रामपंचायतीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि तो फणस तोडायचा विचार असेल तर तोही सोडा. झाड त्यांचं, शिवाय फणस तोडायला परवानगी लागते.