लिस्बनमधला आमचा दोघांचा एक दिवस (तुमचाही लिहा)

मोगरा_ठाणे
आज सकाळी ह्यांनी चहात पाव बुडवला आणि एकदम म्हणाले, "शाव्!" मला इतकं हसू फुटलं की कप खाली ठेवावा लागला.

२०१८ चा सप्टेंबर. लेकाकडे बर्लिनला गेलो होतो, त्याने आम्हा दोघांनाच दोन दिवस पोर्तुगालमधल्या लिस्बनला धाडलं. सकाळी १५ नंबरच्या ट्रामने बेलेम, तिथला मठ, नदीतला बुरूज. दुपारी अल्फामा या जुन्या वस्तीच्या चढणीवर पाय बोलायला लागले, तेव्हा समोर आली त्या खाणावळीत शिरलो. चार टेबलं, भिंतीला निळ्या नक्षीच्या फरश्या, मालकीणबाई सत्तरीच्या. इंग्रजीचा गंध नाही. तिने टोपली ठेवली आणि म्हणाली, "पांव." हे म्हणाले, "पाव!" बाई थबकली. ह्यांनी बशीतल्या फोडीकडे बोट केलं, "बटाटा." ती जवळजवळ ओरडलीच, "बताता!" मग काय, आतून कोबीचा गड्डा आला (कोव्), अननस आला (अननाश), आणि शेवटी तिने एप्रनच्या खिशातून किल्ली काढून ह्यांच्या नाकासमोर हलवली. "शाव्." चावी! हे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांना परक्या माणसाशी इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

जेवणात भाजलेली तारली, वर नुसतं जाडं मीठ आणि लिंबू. हे वेंगुर्ल्याचे, त्यांनी काटा असा काढला की बाईने पाठीवर थाप मारली.

खारी_बिस्किट
किती गोड!! आम्ही बेलेमला ते १८३७ पासूनचं दुकान शोधून पास्तेल (अंड्याच्या कस्टर्डचे छोटे टार्ट) खाल्ले. गरम, वरून दालचिनी आणि पिठीसाखर. नवऱ्याने एक सांगितला, मग दोन, मग सहाचा डबा. कवच असं कुरकुरीत की शर्टावर सगळा चुरा. बाकी शहरात पास्तेल द नाता म्हणतात, बेलेमचं नाव फक्त त्याच दुकानाला.

म्हापशेकर
त्या मठात मी आणि बायको वास्को द गामाच्या थडग्यासमोर बराच वेळ गप्प उभे होतो. माणूस वारला १५२४ ला कोचीत, अस्थी १५३९ ला पोर्तुगालला नेल्या. माझे वडील १९६१ पर्यंत पोर्तुगीज शाळेत शिकले, त्या भाषेतल्या कविता त्यांना म्हातारपणीही पाठ. समोरच कवी कामोंइशचं थडगं आहे, तिथे मला वडिलांचा आवाज आठवला. राग यायला हवा होता की काय, कळेना. डोळे भरले एवढं खरं. बायकोने हात धरला आणि बाहेर नेलं. मग एका साध्या कॅफेत काचेमागे चक्क सामोसे! शामुसा म्हणतात. गोव्यातून, आफ्रिकेतून तिकडे गेलेल्या आपल्या लोकांनी नेले. दोन खाल्ले, वर बिका, म्हणजे त्यांची छोटी कडक कॉफी.

अंजू७२
सोमवारी मठ बंद असतो हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा प्लीज, आमची फेरी फुकट गेली

सह्याद्रीपुत्र
२८ नंबरच्या ट्राममध्ये सांभाळा. खचाखच गर्दी, बायकोची पर्स कधी उघडली कळलंच नाही. पैसे गेले, पासपोर्ट हॉटेलात होता म्हणून वाचलो. ती रडवेली झाली होती. मी तिला कार्मोला घेऊन गेलो. १७५५ च्या भूकंपात छप्पर गेलेलं चर्च, पुन्हा कधी घातलंच नाही. कमानी तेवढ्या उभ्या, वर मोकळं आभाळ. तिथे पायरीवर बसून ती शांत झाली.

खारी_बिस्किट
अरे देवा. पण पासपोर्ट वाचला हे फार मोठं

अंजू७२
टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह ठेवतात त्याचे पैसे लागतात हं. नको असेल तर हात न लावता परत करायचं, कोणी वाईट मानत नाही.

सुमन_मिरज
आमची २०२० च्या एप्रिलची तिकिटं होती. रद्द झाली. २०२१ मध्ये हे गेले. त्यांनी वहीत लिस्बनच्या चढांचे नंबर घातले होते, कुठला चढ माझ्या गुडघ्यांना झेपेल त्याप्रमाणे. वही आहे अजून.

मोगरा_ठाणे
सुमनताई, काय लिहू. ती वही जपा. मन होईल तेव्हा त्यातलं थोडं इथे लिहाल का? आम्ही सगळ्या वाचू.

सुमन_मिरज
लिहीन. पहिल्या पानावर सांता जुश्ताची लिफ्ट आहे, १९०२ ची. "हिला इथून वर न्यायचं" असं लिहिलंय.

नवलकोल
शाकाहारी लोकांनी काय खाल्लं तिकडे? तिथल्या त्या हिरव्या सूपमध्ये (काल्दु वेर्द) सॉसेजची चकती असते म्हणे

खारी_बिस्किट
असते, पण आम्ही न घालता मागितलं, दिलं त्यांनी. बटाटा शिजवून घोटतात, त्यात हिरवा पाला केसासारखा बारीक चिरून घालतात, वरून ऑलिव्ह तेल. मी घरी नवलकोलाच्या पाल्याचं करते, छान होतं. लसणाच्या दोन पाकळ्या.

मोगरा_ठाणे
आज करूनच बघते. ठाण्यात पाल्यासकट नवलकोल कुठे मिळेल?

सह्याद्रीपुत्र
जांभळी नाका, सकाळी लवकर जा. नंतर पाला तोडून टाकतात.