एमजी टीडी १९५१ घरीच उभी करायचीय, इंजिन जाम, लाकूड कुजलंय, सुरुवात कुठनं करू?

पाचगावचा_पाना

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आजोबांची एमजी टीडी आहे, १९५१ ची, दोन सीटची, कापडी टपाची. साठच्या दशकात कुणा इनामदारांकडनं घेतलेली, ८४-८५ पर्यंत चालवली, मग कोल्हापूरच्या शाहूपुरीत जुन्या घराच्या शेडमध्ये जी उभी राहिली ती राहिलीच. लहानपणी आम्ही आत बसून तोंडानं घुंघुं करत गाडी चालवायचो, तेवढाच तिचा वापर. २०१९ च्या महापुरात शेडमध्ये पाणी आलं, सीटच्या गादीपर्यंत, आणि पाच-सहा दिवस हललं नाही. पाणी उतरल्यावर घरातला चिखल काढायचा का गाडीकडं बघायचं अशी वेळ, त्यामुळं तिच्याकडं कोण फिरकलंच नाही. वडील तर म्हणाले भंगारात घाला.

आता टेम्पोत घालून पाचगावला आणलीय, पोर्चमध्ये आहे, बायकोची स्कूटर बाहेर पावसात गेलीय म्हणजे मुदत कमी आहे समजून घ्या.

परिस्थिती अशी की इंजिन पूर्ण जाम, पुढनं हँडल घालून बघितलं, तसूभर हलत नाही. ड्रायव्हरचं दार उघडलं की खाली बसतंय आणि लावताना उचलून लावावं लागतंय. दाराखालच्या लाकडात स्क्रूड्रायव्हर खुपसला तर चहात बुडवलेल्या बटरसारखा आत गेला. चासीला वरवरचा गंज आहे, हातोडी मारली तर आवाज ठणठणीत येतोय. ब्रेक नाहीतच. टाकीत काहीतरी खुळखुळतंय.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलंय की बॉडी पूर्ण उचलून बाजूला ठेव आणि इंजिनच्या हँडलवर चार फुटी पाइप घालून दोघांनी जोर लावा, सुटतंय. दिवाळीच्या सुट्टीत तेच करणार होतो पण म्हटलं आधी विचारावं. बजेट महिन्याला ८-१० हजार, जास्त नाही. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय, पाने चालवता येतात, वेल्डिंग येत नाही.

बुलेट_सम्राट

एमजी म्हणजे ती हेक्टरवाली काय ओ? त्यांची एवढी जुनी गाडी पण होती?

जुनं_लोखंड

@बुलेट_सम्राट नाव तेच, बाकी सगळं वेगळं. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डची, सेसिल किंबर म्हणून मॅनेजर होते तिथं, त्यांनी साध्या मॉरिस गाड्यांवर स्पोर्ट्स बॉडी चढवून हा उद्योग चालू केला. कारखाना पुढं ॲबिंग्डनला गेला. टीडी हे मॉडेल १९४९ च्या शेवटापासनं १९५३ पर्यंत निघालं, जवळजवळ ३० हजार गाड्या, त्यातल्या बहुतेक अमेरिकेला गेल्या. आणि गंमत म्हणजे टीडीचे चासी नंबर १ पासनं नाही तर ०२५१ पासनं चालू होतात, कारण कारखान्याचा फोन नंबर ॲबिंग्डन २५१ होता. पानाभाऊ, तुमच्या पाटीवर कितवा नंबर आहे बघा जरा, उत्सुकता आहे.

आता मुद्द्याचं. तो पाइप पहिला लांब नेऊन ठेवा. पाणी सीटपर्यंत होतं म्हणजे इंजिनखालचं चेंबर (ऑइल साठतं ते) अख्खं पाण्यात होतं, पाणी डिपस्टिकच्या भोकातनं गेलं असणार, ब्रीदरमधनं (इंजिनच्या हवेच्या नळीतनं) गेलं असणार, आणि ते पाणी साधं नव्हतं, पंचगंगेचं गाळाचं होतं. पाणी वाळलं, गाळ आतच बसला. आता पाइप लावून फिरवलंत आणि समजा सुटलंच, तर तो गाळ बेअरिंगमध्ये जाणार आणि क्रँकवर रंधा मारल्यासारख्या रेघा पडणार. म्हणून आधी चेंबर खाली घ्या. स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल आणि ॲसिटोन निम्मं निम्मं मिसळून सोडा, आठ-दहा दिवस तसंच राहू द्या, मधनंमधनं परत ओतत राहा. ॲसिटोन लगेच पेट घेतं, पोर्चमध्ये अगरबत्तीसुद्धा नको. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागंपुढं नुसती डोलवा. डोलवा म्हणतोय, ढकला म्हणत नाही.

नाद_खुळा_गॅरेज

भावा एवढ्या भानगडी कशाला, अँबॅसडरचं इंजिन टाक, पार्ट गल्लोगल्ली मिळतात, मी एका जीपला टाकून दिलंय दहा वर्षं झाली मस्त पळतीय.

जुनं_लोखंड

एमजीए असती तर तुमच्या बोलण्यात थोडा दम होता, कारण ५५ साली आलेल्या एमजीएचं १४८९ सीसीचं इंजिन आणि अँबॅसडरचं इंजिन एकाच घराण्यातलं, बीएमसी या ब्रिटिश कंपनीचं. पण टीडीचं एक्सपीएजी इंजिन वेगळं आहे, १२५० सीसी. त्याचे पार्ट इंग्लंडमधनं आजही मिळतात, कस्टमचं बिल बघून पोटात गोळा येतो तेवढंच. इंजिन बदललं की गाडीची किंमत पण गेली आणि जीव पण.

रंधा_पटाशी

आमच्या वडलांचा ट्रकच्या बॉडी बांधायचा धंदा होता त्यामुळं लाकडाबद्दल बोलतो, इंजिन माझा प्रांत नाही.

बॉडी उचलू नको. हात जोडून सांगतोय. या गाडीला बॉडी म्हणजे आतला ॲश लाकडाचा सांगाडा आणि वरनं खिळ्यांनी मारलेला पत्रा, ताकद सगळी त्या लाकडात. दाराखालची आडवी पट्टी कुजली असेल तर बॉडी आत्ता फक्त चासीच्या बोल्टच्या भरवशावर उभी आहे, उचलली की तळलेला पापड मोडतो तशी मोडणार, आणि मग मूळ आकार काय होता हे सांगायला कुणीच उरणार नाही. टीडीचं दार मागच्या बाजूला बिजागरीवर असतं आणि पुढनं उघडतं, म्हणून तो मागचा खांब एक सूत जरी बसला तरी पहिला परिणाम दारावर दिसतो. तुझं दार तेच सांगतंय.

आधी दार लावून त्याच्या चारी बाजूची फट मोज, मी पाच रुपयांचं नाणं सरकवून बघतो, कुठं जातं कुठं अडकतं ते मास्किंग टेपवर तिथंच लिहून ठेव. मग जॅक आणि लाकडी ठोकळा घेऊन दार नीट बसेपर्यंत खांब हळूहळू वर उचल आणि बसलं की दाराच्या चौकटीत आतनं तिरकी लोखंडी पट्टी बोल्टनं आवळून टाक. आता आकार पकडला गेला. यानंतरच कुजकं लाकूड काढायचं, आणि तेही एका वेळी एकच बाजू, बॉडी चासीवरच ठेवून. कुजलेला तुकडा कितीही घाण असला तरी फेकू नको, प्लायवर ठेवून त्याची रूपरेषा काढ, बोल्टची भोकं त्याच्यावरनंच घ्यायची.

ॲश इकडं मिळणं अवघड, आम्ही सागवान वापरू. पण साग तेलकट असतो, इपॉक्सी गोंद नीट धरत नाही, चिकटवायच्या आधी ॲसिटोननं पुसून लगेच लावायचं, तासाभरानं लावलं तर उपयोग नाही, तेल परत वर येतं. लाकडाची टोकं इपॉक्सीनं बंद कर, पाणी तिथनंच पितं ते. आणि हे काम पाऊस पूर्ण गेल्यावर, आत्ताच्या दमट हवेत कापलेलं माप उन्हाळ्यात ढिलं पडतं.

पाचगावचा_पाना

बाप रे. पाइप शेजाऱ्याला परत दिला. @रंधा_पटाशी दादा, पुढच्या कोपऱ्यात नाणं अजिबात जात नाही आणि खालच्या मागच्या कोपऱ्यात दोन नाणी जातात. चासी नंबर चार हजारांच्या पुढचा आहे.

पण एक अडचण आली. चेंबरचे बोल्ट काढायला गेलो तर १३ चा पाना चढतच नाही आणि १४ चा सरकतोय. दोन बोल्टची डोकी गोल करून बसलो. म्हटलं जुनी ब्रिटिश गाडी म्हणजे इंची असणार, तर इंची सेटमधला पण बसत नाही. एक बोल्ट निघाला, त्याची जाडी मोजली तर बरोबर ८ एमएम! घरातला ८ चा नट लावून बघितला, दीड आट्यात अडकला. हे काय चाललंय?

उद्यमनगर_अण्णा

बाळा थांब, दुसरा नट जबरदस्तीनं घालू नको, आटे जातील. मी चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, आता पोरगा बघतो. हे इंजिन आम्हाला तेव्हाच डोक्याला ताप होतं.

गोष्ट अशी आहे की हॉट्चकिस नावाची फ्रेंच कंपनी होती, तोफा-बंदुकावाली, तिचा इंग्लंडात कॉव्हेंट्रीला इंजिनांचा कारखाना होता. मॉरिसनं तो १९२३ ला विकत घेतला. मशिनरी सगळी फ्रेंच, मेट्रिक आट्यांची. ती बदलायचा खर्च कोण करणार, म्हणून आटे मेट्रिकच ठेवले, पण इंग्रज मेस्त्रीच्या खिशातला पाना बसला पाहिजे म्हणून बोल्टचं डोकं व्हिटवर्थचं, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचं केलं. तेच पुढं तुझ्या इंजिनापर्यंत आलं. म्हणून तुझा बोल्ट ८ एमएम आहे पण आटा १ एमएमचा आहे (दोन आट्यांमधलं अंतर), बाजारातला ८ चा नट सव्वाचा असतो, तो कसा बसेल. डोक्याला पाव इंची व्हिटवर्थ पाना लागतो. आणि हे फक्त इंजिन-गिअरबॉक्सला हां, चासीचे बोल्ट परत बीएसएफ, म्हणजे बारीक आट्यांचे इंग्रजी. एका गाडीत दोन देशांचं भांडण.

पाना नवा घेत बसू नको, कुठल्याही जुन्या फौंड्रीवाल्याकडं, जुन्या ऑइल इंजिनवाल्याकडं व्हिटवर्थचे पाने खोक्यात पडलेले असतात, आमच्याकडं पण आहेत. गोल झालेल्या दोन बोल्टवर मोठा नट वेल्डिंग करून काढायला लागेल, ते घरी करू नको, ॲल्युमिनियमचं चेंबर आहे, वितळलं तर रडशील. निघालेला एक बोल्ट घेऊन शनिवारी ये, ८ बाय १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) आहे आपल्याकडं, नवे बोल्ट पण वळवून देतो.

आरटीओ_बाकड्यावर

कागदांकडं पण बघा. २०२१ ला केंद्राचे व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांच्या वरच्या गाडीला वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए अक्षरं असतात, फी नवीनला २० हजार, परत करायला ५ हजार, मुदत १० वर्षं. आधी रजिस्टर असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आजोबांचा नंबर असेल तर सोडू नका. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला एवढ्यालाच. आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच पाहिजे, म्हणून @नाद_खुळा_गॅरेज यांचं ऐकू नका, राग मानू नका. आरसी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाची कागदं आधी, त्यालाच जास्त वेळ जातो.

नाद_खुळा_गॅरेज

राग कसला, मी फक्त पळायचं बघतो 😀 पण वायरिंगला हात लावायच्या आधी एक ध्यानात ठेव, याला पॉझिटिव्ह अर्थिंग असतंय, म्हणजे बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला. आमच्याकडं एकदा अशीच जुनी गाडी आलेली, पोरानं सवयीनं निगेटिव्ह बॉडीला जोडली आणि मालकानं हौसेनं बसवलेला रेडिओ धूर काढून गेला. आणि पेट्रोलचे पाइप सगळे नवीन टाक, आता पंपावर ई-२० मिळतंय, त्यात आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल, जुनं रबर खाऊन टाकतंय.

पाचगावचा_पाना

तीन आठवड्यांनी लिहितोय. अण्णांकडं जाऊन आलो, पाना मिळाला, वर चहा पण, आणि गोल झालेले दोन्ही बोल्ट त्यांच्या मुलानं पाचगावला येऊन काढून दिले, पैसे घ्यायला तयार नाही.

चेंबरचा प्लग काढला तर थेंब पडला नाही. मला वाटलं कोरडं आहे, चला बरं झालं. तार घातली तर तार गच्च रुतली. चेंबर खाली घेतलं तर आत चार बोटं गाळ, राखाडी, गुळगुळीत, वरनं काळ्या ऑइलची साय. आमच्या जुन्या घराशेजारी कुंभार गल्ली, हुबेहूब गणपतीचा शाडू भिजवून ठेवल्यासारखा. वास मात्र २०१९ चा, तोच, बायको आतनं म्हणाली हा वास घरात नको. ऑइल पंपाची जाळी त्यात पूर्ण गाडली गेली होती. पाइप लावून फिरवलं असतं आणि चालू झालं असतं तर ऑइलच्या जागी हेच वर गेलं असतं.

खालनं टॉर्च मारून बघितलं तर एक, दोन, चार नंबरचे सिलिंडर तपकिरी पण गुळगुळीत, तीन नंबरला गंजाची पट्टी आहे, करंगळीएवढी रुंद. अकराव्या दिवशी चौथ्या गिअरमध्ये टाकून मी आणि मेव्हणा डोलवत होतो, काहीच होईना, मेव्हणा कंटाळून फोन बघायला गेला, मी एकटाच पुढच्या चाकाला गुडघा लावून ढकललं आणि आतनं टक् असा आवाज आला. फॅन बोटभर फिरला. तिथंच सोडलं.

उद्यमनगर_अण्णा

शाब्बास. आता तिथंच थांब, पूर्ण फेरा मारायचा मोह करू नको. गंजाच्या पट्टीवरनं पिस्टनची रिंग गेली तर तुटेल. हेड काढ, नट एकदम एका बाजूनं सोडायचे नाहीत, थोडे थोडे आलटून पालटून. तीन नंबरचा पिस्टन वरनं दिसला की फोटो टाक, मग बोअर करायचं (सिलिंडर घासून मोठा करायचा) का स्लीव्ह (आत नवी नळी) घालायची ते ठरवू. दोन व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत चीर आहे का तेही बघ, या हेडला तिथंच चीर जाते.

रंधा_पटाशी

आणि दाराची पट्टी आवळलीस का नाही?

पाचगावचा_पाना

आवळली दादा. आता नाणं चारी बाजूनं जातंय, खालच्या कोपऱ्यात थोडं घासतंय. सागवान बघायला रविवारी येऊ का?

रंधा_पटाशी

ये, पण कुजका तुकडा घेऊन ये बरोबर. बिस्किट झालेला असला तरी.