मंदार विंगरच होता

फुटबॉलपटू मंदार राव देसाई मुळात बचावपटू, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. म्हापशाचा हा पोरगा धेंपो क्लबातून एफसी गोवा क्लबात आला तो डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेने हल्ला चढवणारा खेळाडू म्हणून. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मी डाव्या रेषेजवळ बसायचो. चेंडू मिळाला की तो आधी डोकं वर करून आत कोण पळतंय ते बघायचा, मग रेषेवरची चुन्याची पूड उडवत सुसाट सुटायचा. प्रशिक्षक लोबेरांनी त्याला लेफ्ट बॅक, म्हणजे डावा बचावपटू केलं, पण धाव विंगरचीच राहिली. आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) १०० सामने सर्वात आधी त्याने पूर्ण केले, आणि २०२०-२१ ला मुंबई सिटी क्लबाकडून शील्ड (साखळीत पहिलं आल्याबद्दलची) आणि करंडक (अंतिम सामन्याचा) दोन्ही जिंकले. अंतिम सामना फातोर्ड्यालाच होता, पण कोविडमुळे स्टँड रिकामे. आम्हाला तो टीव्हीवरच बघावा लागला, याची हळहळ अजून आहे.

भारताकडून सामने फार मिळाले नाहीत. पण १० सप्टेंबर २०१९ चा दोहाचा सामना विसरू नका. आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी ०-० रोखलं, तेव्हा लेफ्ट बॅकला मंदार होता. त्याच संघात आदिल खान आणि रोलिन बोर्जेसही, म्हणजे अकरांत तीन गोंयकार!