मदत हवी आहे : राधानगरीजवळ सापडलेले देवगांडूळ
कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीजवळच्या आमच्या शेतात बांधालगतची ओली माती उकरताना गांडुळासारखा वळ्यावळ्यांचा, पण जबडा असलेला बुळबुळीत प्राणी सापडला. अंगावर वाळा या गांडुळासारख्या दिसणाऱ्या छोट्या सापासारखे चकचकीत खवले नसल्याने तो साप नसून बेडूक व सॅलॅमँडर (सरड्यासारखा दिसणारा, शेपटी असलेला उभयचर) यांचा बिनपायांचा नातेवाईक, म्हणजे देवगांडूळ असावा, असे मला वाटते (घरच्यांना ते अजून पटलेले नाही). पाण्यात अंडी घालणाऱ्या सॅलॅमँडरांची पिल्ले बाह्य कल्ल्यांनी श्वास घेतात. देवगांडुळांच्या काही जातींची पिल्लेही पाण्यात वाढतात, तर काहींची अंड्यातूनच पूर्ण रूपात बाहेर येतात. आपल्याकडील जाती यांपैकी कोणत्या, आणि ओळख पटवण्यासाठी डोळा व नाकपुडी यांमधील स्पर्शिकेचे (आजूबाजूची चाहूल घेणाऱ्या बारीक अवयवाचे) छायाचित्र पुरेल की वळ्याही मोजाव्या लागतील, हे जाणकारांनी कृपया सांगावे.