निऑन टेट्राची अंडी संध्याकाळपर्यंत पांढरी का पडतात?

प्रश्न: निऑन टेट्रा या छोट्या शोभेच्या माशांसाठी १५ लिटरची वेगळी टाकी, तळाला जाळी, स्पंज फिल्टर, तापमान २५ अंश. जोडी पहाटे अंडी टाकते, पण संध्याकाळपर्यंत जवळजवळ सगळी पांढरी. पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ३८०. बदामाची पानं टाकूनही पीएच ७.४ वरून ७.२ वरच आलाय. मेथिलीन ब्लू या बुरशीनाशक औषधानेही फरक नाही. चुकतंय कुठे?

उत्तर: पाण्यात. पानांमुळे थोडं आम्ल उतरतं, पण बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट ते लगेच गिळतं. जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) तर तसाच राहतो. निऑन (पॅराकायरोडॉन इनेसी) मूळचा पश्चिम अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला. फार्मवर वाढलेला मासा जड पाण्यात मजेत जगतो, अंड्यांचं फलन मात्र होत नाही. पांढरं पडतं ते फलन न झालेलं अंडं. बुरशी मागाहून येते, म्हणून मेथिलीन ब्लूचा उपयोग नाही. टीडीएस ३० ते ५०, पीएच ५.५ ते ६ ठेवा.

उत्तर: घरच्या आरओचं पाणी घेणार असाल तर आधी टीडीएस मीटर बुडवा. बऱ्याच मशीनमध्ये पाण्यात क्षार परत मिसळणारा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं. पाणी त्याच्या आधीच्या नळीतून घ्या. अशा पाण्याला बफर (आम्ल शोषून पीएच टिकवणारे क्षार) नसतो, त्यामुळे जास्त पानं टाकली तर पीएच धाडकन खाली येतो. तळहाताएवढं एकच पान पुरे, आणि दोन दिवसांनी मोजूनच मासे सोडा.

उत्तर: जोडीही तपासा. मादीचं पोट गोल असल्याने निळी पट्टी वाकलेली दिसते, नराची सरळ. लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असेल तर तो कार्डिनल टेट्रा, म्हणजे निऑनसारखीच दिसणारी वेगळी जात; त्याला २६-२७ अंश लागतात. अंडी टाकून होताच मोठे मासे काढा, नाहीतर अंडी खातात. टाकीला काळा कागद गुंडाळा, अंड्यांना उजेड सोसत नाही. पण आधी पाणी सुधारा. निव्वळ अंधाराने काही होणार नाही.

प्रश्नकर्ता: कंट्रोलर बंद केल्यावर टीडीएस ४२ आला. पिल्लांना काय देऊ?

उत्तर: साधारण २४ तासांत अंडी फुटतात, पण पिल्लं पोहायला लागेपर्यंत, म्हणजे चार-पाच दिवस, काही घालू नका. मग आठवडाभर इन्फ्युसोरिया (पाण्यातले सूक्ष्म जीव) द्या. त्याची बरणी आजच लावा, तयार व्हायला वेळ लागतो. आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या जिवाची नुकती फुटलेली पिल्लं) त्यानंतर; सुरुवातीला तो त्यांच्या तोंडात मावतच नाही.