'पर्सोना'साठी मराठी शब्द : मुखवटा, सोंग की आणखी काही?

प्रश्न

पॉल रूबेन्स या अमेरिकी विनोदी नटावर मॅट वुल्फ यांनी केलेला 'पी-वी ॲज हिमसेल्फ' हा दोन भागांचा माहितीपट २०२५ मध्ये एचबीओवर आला. त्याविषयी मराठीत टिपण लिहायला घेतले आणि पहिल्याच वाक्यात अडकलो. वाक्य असे आहे : 'रूबेन्स यांनी आपले खासगी आयुष्य पी-वी हर्मन या ____आड दडवले.' रिकाम्या जागी 'पर्सोना'साठी, म्हणजे नटाने लोकांसमोर धारण केलेल्या रूपासाठी, मराठी शब्द हवा आहे. 'मुखवटा' लगेच सुचतो, पण तो लिहिल्यावर रूबेन्स लबाड होते असा वास वाक्याला येतो. 'पात्र' आणि 'व्यक्तिरेखा' हे शब्द अपुरे वाटतात.

ज्यांना हा विषय परिचित नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राखाडी चौकड्यांचा आखूड सूट, लाल बो आणि पांढरे बूट घातलेला, किनऱ्या आवाजात बोलणारा हा पोरकट इसम रूबेन्स यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, लॉस एंजेलिसमधील 'ग्राउंडलिंग्ज' या उत्स्फूर्त विनोदी प्रयोग करणाऱ्या गटात असताना घडवला. १९८६ पासून सीबीएस वाहिनीवर शनिवारी सकाळी लागणाऱ्या 'पी-वीज प्लेहाउस' या मुलांच्या कार्यक्रमामुळे तो घरोघरी पोहोचला. मुलाखतींनाही रूबेन्स त्याच वेषात आणि त्याच आवाजात जात असत.

प्रतिसाद

'पर्सोना' या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नटाने तोंडावर चढवायचा मुखवटा असाच आहे. म्हणजे व्युत्पत्तीने आपला पहिला शब्द बरोबर ठरतो, आणि तरीही आपल्याला तो खटकला हे योग्यच झाले. आजच्या वृत्तपत्री मराठीत 'मुखवटा' हा शब्द जवळजवळ नेहमी 'फाडणे', 'गळून पडणे' किंवा 'टराटरा ओरबाडणे' अशा क्रियापदांच्या सोबतीनेच येतो, आणि त्यामागचा चेहरा वाईटच असणार हे वाचकाने आधीच गृहीत धरलेले असते. (गौरीच्या मुखवट्याला मात्र हा दोष चिकटलेला नाही. तो बसवला की गौर आली असे आपण म्हणतो. तिथे मुखवटा काही लपवत नाही, उलट जे डोळ्यांना दिसत नव्हते ते दाखवतो. ही छटा व्यवहारातून हरवत चालली याची हळहळ वाटते, कारण रूबेन्स यांच्याबाबतीत ती अगदी चपखल बसली असती.)

माझे मत 'सोंग' या शब्दाच्या बाजूने आहे. सोंग घेतात, आणतात, काढतात, वठवतात आणि शेवटी उतरवतात. एवढी क्रियापदे ज्या शब्दाला मिळतात त्याचे काम भाषेने बारकाईने पाहिलेले असते. सोंगाचे मर्म असे की ते पाहणाऱ्याला ठाऊक असते. समोर रावण नाचतो आहे आणि आत गावातलाच कोणी आहे, या दोन्ही गोष्टी प्रेक्षक एकाच वेळी जाणतो, आणि त्यातच त्याची करमणूक असते. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या रॉक्सी नाट्यगृहात रात्री उशिरा प्रौढांसमोर जो पी-वी उभा राहिला, तो या अर्थाने निखळ सोंग होता. जुन्या बालकार्यक्रमांची नक्कल करणारे हे सोंग पुढे खरोखरच बालकार्यक्रम झाले, हा त्यातला खरा चमत्कार.

उपप्रतिसाद

थोडी हरकत आहे. 'झोपेचे सोंग' म्हणतो तेव्हा समोरच्याला ते कुठे ठाऊक असते? तिथे सोंग म्हणजे सरळ फसवणूक होते. शिवाय १९८५ च्या 'पी-वीज बिग ॲडव्हेंचर' या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत पी-वी हर्मनपुढे नटाचे नाव नाही, 'स्वतः' असे आहे. १९८८ मध्ये हॉलीवूडमध्ये कलावंतांच्या गौरवासाठी असलेल्या पदपथावर जो तारा बसवला गेला, त्यावरही नाव पी-वीचेच. प्रेक्षकाला ठाऊक असावे अशी इच्छाच नसेल, तर त्याला सोंग म्हणावे की ढोंग?

प्रतिसाद

हरकत रास्त आहे, पण झोपेच्या सोंगाचे उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, असे जो म्हणतो त्याने ते सोंग ओळखलेलेच असते. ओळखले जाण्याची शक्यता सोंगात नेहमी राखून ठेवलेली असते. ढोंगात ती बुजवलेली असते, आणि त्यातून ढोंग करणाऱ्याला दुसऱ्याच्या पदरचे काहीतरी उपटायचे असते. रूबेन्स यांनी कोणाचे काय उपटले? शनिवारी सकाळी पडद्यापुढे बसलेल्या पाच वर्षांच्या मुलापुरते बोलायचे तर तिथे सोंगही नव्हते आणि ढोंगही नव्हते. पी-वी होता, एवढेच. म्हणजे एकाच वेषाला रात्रीच्या प्रेक्षकाने एक शब्द वापरावा आणि सकाळच्या प्रेक्षकाला शब्दाची गरजच पडू नये, असा हा प्रकार आहे.

जुलै १९९१ च्या घटनेचे वर्णन करताना मात्र शब्द जपून वापरावेत. फ्लोरिडातील सॅरासोटा या गावी, जिथे ते लहानाचे मोठे झाले होते, एका प्रौढांच्या चित्रपटगृहात अशोभनीय वर्तनाच्या आरोपावरून रूबेन्स यांना अटक झाली. पोलिसांनी काढलेले त्यांचे छायाचित्र सर्वत्र छापले गेले. त्यात लांब केस आणि हनुवटीवर दाढी असलेला एक अनोळखी माणूस होता. कार्यक्रमाचे नवे भाग करणे आधीच थांबले होते. सीबीएसने पुनःप्रक्षेपणही बंद केले. अशा प्रसंगी 'सोंग उघडे पडले' असे लिहिण्याचा मोह होतो, पण उघडे पडते ते ढोंग. इथे खासगी आयुष्य चव्हाट्यावर आले, असे म्हणावे. चव्हाटा म्हणजे चार वाटा मिळतात ती जागा. तिथे येणाऱ्याने काही लपवले होते असे हा शब्द सुचवत नाही, आणणाऱ्यांची गर्दी मात्र दाखवतो.

प्रश्नकर्ता

'खासगी' हा शब्द मी सरसकट वापरला होता. आता त्याचीही शंका येऊ लागली. रूबेन्स तरुणपणी एका पुरुषाबरोबर उघडपणे राहत होते आणि ते नाते संपल्यावर कारकिर्दीसाठी त्यांनी आपली समलैंगिकता जाणूनबुजून झाकली, हे ते माहितीपटात स्वतः सांगतात. दुसरीकडे, सहा वर्षे त्यांना कर्करोग होता आणि जुलै २०२३ मध्ये वयाच्या सत्तराव्या वर्षी ते वारले तोपर्यंत बाहेर कोणाला पत्ता नव्हता. सुमारे चाळीस तासांच्या मुलाखती घेणाऱ्या वुल्फ यांनाही नव्हता. या दोन्ही गोष्टी 'खासगी'च म्हणायच्या का?

प्रतिसाद

आपली शंका मोलाची आहे. खासगी म्हणजे खास स्वतःचे. होळकरांची 'खासगी' म्हणजे दौलतीच्या हिशेबाहेरचे, घराण्याच्या स्वतःच्या मालकीचे उत्पन्न होते. ते सर्वांना ठाऊक होते, पण त्याचा जाब विचारण्याचा अधिकार इतरांना नव्हता. आजारपण या अर्थाने खासगी होते, कारण ते सांगायचे की नाही हे रूबेन्स यांनी स्वतः ठरवले, आणि त्याबद्दल चाहत्यांची क्षमा मागणारा मजकूरही त्यांनी मृत्यूनंतर प्रसिद्ध होण्यासाठी ठेवला. समलैंगिकता मात्र त्यांना झाकावी लागली. त्या काळात अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमातला नट ती सांगून टिकला नसता. तिला 'झाकली मूठ' म्हणता येईल, पण 'खासगी' म्हटले तर त्यामागची सक्ती वाक्यातून निसटते.

याच ओघात दोन सूचना करतो. समलैंगिकता उघडपणे सांगणे या अर्थी 'कपाटाबाहेर येणे' हा इंग्रजीवरून घेतलेला शब्दप्रयोग हल्ली दिसतो, तो टाळावा. मराठी माणसाच्या कपाटात कपडे आणि कागदपत्रे असतात, माणसे नसतात. आणि 'समलैंगिक असल्याची कबुली दिली' हे तर लिहूच नये, कारण कबुली गुन्ह्याची असते. १९९१ च्या खटल्यात रूबेन्स यांनी आरोप कबूलही केला नव्हता आणि नाकारलाही नव्हता. तो लढवणार नाही, एवढेच न्यायालयाला कळवले होते. न्यायालयातही ज्याने कबुली दिली नाही, त्याच्या तोंडी ती माहितीपटात का घालावी? 'सांगितले' हे साधे क्रियापद पुरेसे आहे.

प्रश्नकर्ता

मग वाक्य असे करतो : 'रूबेन्स यांनी पी-वीचे सोंग इतकी वर्षे उतरवले नाही, की त्याखाली त्यांना जे झाकावे लागले ते आणि जे त्यांनी खासगी ठेवले ते, दोन्ही एकत्रच राहिले.' माहितीपटाच्या नावातल्या 'ॲज हिमसेल्फ'साठी मराठी श्रेयनामावलीतले 'स्वतःच्या भूमिकेत' हे शब्द घेतो.

शेवटची एक अडचण. प्लेहाउसच्या प्रत्येक भागात सुरुवातीला कॉन्की नावाचा यंत्रमानव कागदाच्या चिठ्ठीवर एक शब्द देत असे, आणि पुढे तो शब्द कोणाच्याही तोंडून निघाला की घरात बसलेल्या मुलांसकट सगळ्यांनी जोरात ओरडायचे. या शब्दाला इंग्रजीत 'सीक्रेट वर्ड' म्हणत. याला 'परवलीचा शब्द' चालेल का?

प्रतिसाद

चालणार नाही. परवली ज्याला ठाऊक असते तो आत जातो आणि बाकीचे बाहेर राहतात. इथे तर बाहेर कोणी उरतच नाही. 'गुप्त शब्द' म्हणजे हेरखात्याचा वाटतो. मराठी मूल गुपित सांगायला येते तेव्हा 'तुला एक गंमत सांगू?' असे म्हणते आणि पाठोपाठ ती सगळ्यांना सांगत सुटते. 'गमतीचा शब्द' असे लिहावे.