गोल्फमध्ये गवतात चेंडू हलला तर दंड, ग्रीनवर हलला तर माफी. असं का?

खारघरकर: रविवारी खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर आमच्या चौकडीत चांगलंच वाजलं. पावसाने गवत माजलेलं, चेंडू पात्यांवर नुसता टेकलेला. मित्राने मागे क्लब ठेवला आणि चेंडू बोटभर खाली सरकला. फटका मारायच्या आधीच. नियम ९.४: एक स्ट्रोक (फटका) दंड म्हणून स्कोअरमध्ये वाढतो, चेंडू मूळ जागी. हेच ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, चुकून झालं असतं तर २०१९ पासून दंड नाही, फक्त परत ठेवायचा. पहिल्या फटक्याआधी टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) पडला तरी दंड नाही, तो अजून खेळातच आलेला नसतो. शोधताना पाय लागला तरी माफ. मग मारायला उभ्या राहिलेल्या माणसानेच काय घोडं मारलंय? मुद्दाम हलवला नसेल तर सगळीकडे एकच नियम हवा.

बेलापूर_सेक्टर१५: साफ चूक. ग्रीनवर गवत अगदी बारीक कापलेलं असतं, चेंडू कशाने हलेल सांगता येत नाही. रफमध्ये, म्हणजे वाढलेल्या गवतात, चेंडू कसा बसलाय तीच तर परीक्षा! दंड काढला की जो तो क्लब दाबून मागचं गवत चेपणार आणि चेंडू हलला की ‘चुकून झालं’ म्हणणार. धोका वाटतो तर क्लब टेकवू नका. दिग्गज गोल्फर जॅक निक्लॉस टेकवत नसे.

खारघरकर: गवत चेपून फायदा घेण्याला नियम ८.१ मध्ये वेगळा दंड आहेच. तो लावा. मी अपघाताबद्दल बोलतोय.

घोडबंदर_रोड: दोघेही मूळ अडचण सोडून भांडताय. हलवला कोणी हेच आधी कसं ठरवायचं? नियम म्हणतो, खेळाडूमुळे हलल्याची किमान ९५ टक्के खात्री हवी, नाहीतर तो वाऱ्याने वा उताराने हलला असं धरा आणि नव्या जागेवरून खेळा. २०१६ च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँटला डस्टिन जॉन्सनचा चेंडू पाचव्या ग्रीनवर हलला. सोबतच्या पंचाने आधी सोडून दिलं, बाराव्या होलच्या सुरुवातीला सांगितलं की दंड लागू शकतो, आणि फेरी संपल्यावर लावला. मधले सगळे होल तो आणि त्याचे प्रतिस्पर्धी नेमका स्कोअर न कळता खेळले! जिंकला म्हणून निभावलं.

बेलापूर_सेक्टर१५: म्हणून तर ग्रीनचा नियम बदलला. पण २०२५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये पोर्टरशला शेन लॉरीचा चेंडू बाराव्या होलवर सरावाच्या स्विंगने हलला. आपल्याला दिसलंच नाही म्हणाला. परत न ठेवता खेळला, दोन स्ट्रोक गेले, आणि त्याने ते मान्य केले. खेळाची शान यातच आहे.

खारघरकर: त्याच्या प्रामाणिकपणाला सलामच. पण दोन स्ट्रोक फार झाले. परत न ठेवल्याचा दंड समजू शकतो, पण जे दिसलंच नाही ते परत ठेवणार कसं? आपल्याकडे तर कॅमेराही नाही. समोरचा सांगेल ते खरं. जो सांगतो त्याला स्ट्रोक बसतो, जो गप्प राहतो तो सुटतो.

घोडबंदर_रोड: हे पटलं. पण उपाय दंड काढणं नव्हे. वाऱ्याचंच बघा. ग्रीनवर चेंडू उचलून परत ठेवला असेल आणि वाऱ्याने हलला, तर पुन्हा जागेवर ठेवायचा. उचललाच नसेल तर जिथे थांबला तिथून खेळायचा. खारघरला डोंगरावरून वारा सुटला की मी आधी मार्कर (चेंडूच्या जागेची खूण) ठेवतो, चेंडू उचलून पुन्हा ठेवतो, मग उतार बघतो. वाद होतच नाही.

खारघरकर: ग्रीनवर ठीक. रफमध्ये मी मार्कर ठेवून चेंडू उचलला तर बेलापूरवालेच मला दंड लावतील!

बेलापूर_सेक्टर१५: लावणारच. ९.४ आहे.